लम्पीला औषध का नाही : मेहुण्याच्या प्रश्नाचे लांबलेले उत्तर

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये आटपाडी तालुक्यातल्या माझ्या मेहुण्याच्या गोठ्यात लम्पीचा रोग शिरला. खरसुंडीच्या यात्रेतून चार वर्षांपूर्वी आणलेली त्याची खिलार गाय, हरणी, एका सकाळी वैरणीला तोंड लावीना. दुपारपर्यंत अंगात ताप भरला, नाकाडोळ्यांतून पाणी येऊ लागले आणि दोन दिवसांत मानेपासून मांडीपर्यंत सुपारीएवढ्या गाठी उठल्या. ती तेव्हा चार महिन्यांची गाभण होती, त्यामुळे घरातल्या काळजीला दुहेरी धार होती. सरकारी डॉक्टर इंजेक्शने देऊन गेले, घरच्यांनी हळद आणि कडुनिंबाचा पाला वाटून लेप लावला, दिवेलागणीला गोठ्यात धूर होऊ लागला. माझ्या सासूबाईंनी, ज्यांच्या दंडावर लहानपणी टोचलेल्या देवीच्या लशीचा वण अजून दिसतो, गाठींकडे पाहून ‘ही जनावरांची देवीच’ असा निर्वाळा दिला.

मी त्या रविवारी सांगलीच्या विश्रामबागेतून तिकडे पोहोचलो तेव्हा मेहुण्याने मला बसूही दिले नाही. “दाजी, पाच दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू आहेत, तरी रोज नव्या गाठी येतातच. ह्या रोगाला औषध का नाही?” मी तीस वर्षे बारावीच्या वर्गात जीवशास्त्र शिकवले असल्यामुळे उत्तर तोंडातच होते : हा विषाणू आहे आणि विषाणूवर अँटिबायोटिक लागू पडत नाही. त्यावर तो म्हणाला, “ते डॉक्टरांनीही सांगितलं. का लागू पडत नाही, ते सांगा.”

तीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिले असेल याची गणती नाही. पण त्या ‘का’पाशी मला कोणी अडवले नव्हते. गोठ्यात उभ्या उभ्या जे सांगितले ते अपुरे होते. पुढे महिनाभर वाचून, विचार करून जे नीट उमगले, ते इथे लिहितो आहे.

जिवाणू हा स्वतंत्र बिऱ्हाड करून राहणारा जीव आहे. त्याला स्वतःची भिंत असते, प्रथिने घडवणारे स्वतःचे रायबोसोम असतात, अन्नातून ऊर्जा काढण्याची स्वतःची सोय असते. पेनिसिलीन त्याच्या भिंतीच्या बांधकामात खोडा घालते. आपल्या पेशींना तशी भिंतच नसल्यामुळे आपल्याला त्याची बाधा होत नाही. टेट्रासायक्लीन त्याच्या रायबोसोमला अडवते आणि ते रायबोसोम आपल्या रायबोसोमपेक्षा पुरेसे वेगळे असतात. थोडक्यात, अँटिबायोटिकला नेम धरायला शत्रूचे स्वतःचे काहीतरी लागते. विषाणूजवळ भिंत नाही, रायबोसोम नाही, ऊर्जेची व्यवस्था नाही. (हरणीला दिलेली इंजेक्शने वाया गेली असे मात्र नव्हे. फुटलेल्या गाठींत जिवाणू शिरून जखमा चिघळतात, त्यासाठी ती होती.)

मग विषाणूजवळ असते तरी काय? प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेला मजकूर, म्हणजे डीएनए किंवा आरएनएच्या अक्षरांत लिहिलेल्या सूचना. कुत्रा चावल्याने होणाऱ्या रेबीजचा मजकूर सुमारे १२,००० अक्षरांचा आहे आणि त्यात अवघी पाच जनुके आहेत. कोरोनाचा मजकूर जवळजवळ ३०,००० अक्षरांचा. लम्पीचा विषाणू या मानाने धनाढ्य : दीड लाखाच्या वर अक्षरे आणि दीडशेच्या आसपास जनुके. पण त्याच्याही यादीत रायबोसोम बनवण्याची जनुके नाहीत.

आमच्या भागात ऊसतोडीची चिठ्ठी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. कारखान्याचा माणूस, म्हणजे चिटबॉय, ऊस तोडायच्या परवानगीची चिठ्ठी देतो, मग टोळी येते, कोयते चालतात, ट्रॉल्या भरतात, कारखान्याचा काटा हलतो. समजा कोणी खोटी चिठ्ठी टोळीच्या हातात सरकवली, तर त्या माणसाला स्वतः कोयता धरावा लागत नाही, ट्रॅक्टर लागत नाही, डिझेल लागत नाही. विषाणू म्हणजे अशी चिठ्ठी, आणि चिठ्ठीवरचा हुकूमही एकच : हीच चिठ्ठी पुन्हा छापा. मेहुण्याला ही उपमा तत्काळ पटली, पण त्याने लगेच पुढचा प्रश्न टाकला, की चिठ्ठी आत पोहोचतेच कशी, टोळीचा मुकादम शिक्का पाहत नाही का?

इथे मला माझ्याच शिकवण्यातला एक दोष कबूल केला पाहिजे. मी वर्षानुवर्षे ‘कुलूप आणि किल्ली’ असे सांगत आलो : पेशीच्या पटलावर ग्राही नावाचे कुलूप असते, विषाणूजवळ त्याची किल्ली असते, किल्ली बसली की दार उघडते. आकार जुळण्यापुरते ते खरे आहे. परंतु त्यामुळे मुलांच्या मनात अशी समजूत बसते की पेशीवर विषाणूसाठी एक कुलूप टांगून ठेवलेले आहे आणि ते काढून टाकले की प्रश्न मिटेल. वस्तुस्थिती अशी की प्रत्येक ग्राही पेशीच्या स्वतःच्या नित्य कामासाठी असतो. कोरोनाचा विषाणू ज्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाला धरतो, ते रक्तदाबाच्या नियमनात भाग घेते. एचआयव्ही ज्या सीडी-४ ला चिकटतो, ते रोगप्रतिकारक पेशींना एकमेकींशी बोलण्यासाठी लागते. फ्लूचा विषाणू सियालिक आम्ल या साखरेसारख्या रेणूला पकडतो, आणि ते आपल्या श्वासमार्गातल्या पेशींवर सर्वत्र असते. पक्ष्यांत आणि माणसांत या रेणूची जोडणी किंचित वेगळी असते. पक्ष्यांचा फ्लू माणसात सहजासहजी का पसरत नाही, याचे एक मोठे कारण त्या जोडणीत आहे. एखादे दार बंद करायचे तर आपलेच काम अडते.

रेबीजचे उदाहरण मला सर्वांत भेदक वाटते. चावा पायाला झालेला असतो आणि विषाणूला मेंदू गाठायचा असतो. त्याच्या पाच जनुकांत चालण्या-पोहण्याची काहीच सोय नाही. परंतु चेतापेशीचा तंतू हातभर लांब असू शकतो आणि त्याच्या टोकाकडून पेशीच्या मुख्य भागाकडे माल वाहून नेणारी एक व्यवस्था त्या तंतूत अखंड चालू असते : सूक्ष्मनलिकांचे रूळ आणि त्यांवरून चालणारे डायनीन नावाचे हमाल प्रथिन. विषाणू त्या मालात बसतो. हा प्रवास मंद असतो, दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर, आणि म्हणूनच चावा झाल्यानंतरही लस घ्यायला वेळ मिळतो. जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायला सांगतात, ती केवळ स्वच्छता नव्हे. चिठ्ठी हमालाच्या हाती पडण्याआधीच ती वाहून जावी, हा त्यामागचा हेतू आहे. आमच्याकडे जखमेवर चुना किंवा मिरची भरण्याची जुनी रीत अजून काही ठिकाणी टिकून आहे, ती ऐकली की माझा संताप होतो.

आता लम्पी. सासूबाईंचे निदान शास्त्राच्या दृष्टीने फारसे चुकीचे नव्हते. देवीचा विषाणू आणि लम्पीचा विषाणू एकाच मोठ्या कुळातले आहेत. शेळ्यांची आणि मेंढ्यांची देवी तर लम्पीची सख्खी भावंडे. लम्पी १९२९ मध्ये झांबियात प्रथम दिसला आणि २०१९ मध्ये ओडिशातून त्याची भारतातली पहिली नोंद झाली. तो चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमार्फत पसरतो आणि माणसाला होत नाही. या कुळातल्या विषाणूंचा सर्वांत बारकाईने झालेला अभ्यास म्हणजे देवीच्या लशीतल्या व्हॅक्सिनियाचा; म्हणून पुढचे बरेचसे त्याच्याविषयी आहे.

व्हॅक्सिनिया पेशीत शिरतो कसा, याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले एक उत्तर वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसलो होतो. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि त्यांचे अवशेष शेजारच्या पेशी गिळून टाकतात. मरणाऱ्या पेशीच्या पटलाची आतली बाजू बाहेर येते आणि तिच्यातला फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा स्निग्ध पदार्थ ‘मी मेलेली आहे, मला उचला’ अशी खूण देतो. व्हॅक्सिनियाच्या आवरणात नेमका हाच पदार्थ भरपूर असतो. पेशी त्याला मृत अवशेष समजते, पटलाच्या मोठ्या घड्या पसरून कवेत घेते आणि आत ओढते. मयतीचे सोंग घेऊन घरात शिरणाऱ्याला कोणते कुलूप आडवे येणार?

फ्लूचा विषाणू आत आल्यावर आणखी एका नित्य व्यवहाराचा फायदा घेतो. पेशी बाहेरून जे काही गिळते ते एका पिशवीत असते आणि पचनासाठी ती पिशवी हळूहळू आम्लयुक्त करते. हे आम्ल खरे तर आत आलेल्याचा नाश करण्यासाठी. पण फ्लूच्या पृष्ठभागावरचे प्रथिन त्या आम्लातच आपला आकार बदलते, पिशवीच्या भिंतीत आकडा रुतवते आणि विषाणूचे आवरण त्या भिंतीशी एकजीव करते. मजकूर बाहेर पडतो. ज्या भट्टीत तो जळायचा, तिच्याच आचेवर त्याचे कुलूप वितळते.

२०२० मध्ये, कोरोनाच्या रुग्णांमुळे आमच्या जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे नाव रोज बातम्यांत येत होते त्या दिवसांत, सांगलीतल्या औषधांच्या दुकानांपुढे हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी लोक उभे असत. त्या औषधामागचा तर्क हाच होता : ते पिशवीतले आम्ल कमी करते, तेव्हा कोरोनाचा विषाणू आत अडकून पडेल. प्रयोगशाळेत माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर ते चाललेही. परंतु माणसाच्या फुफ्फुसातल्या पेशींच्या पटलावर टीएमपीआरएसएस-२ नावाचे एक विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) असते; ते विषाणूचे काटेरी प्रथिन पटलापाशीच कापून सज्ज करते आणि विषाणूला आम्लाच्या पिशवीची गरजच उरत नाही. औषध ज्या वाटेवर पहारा देत होते, ती वाट त्या पेशींत रिकामीच होती. मीही तेव्हा दोन दुकाने पालथी घातली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

चिठ्ठी आत आल्यानंतर छापखान्यावर ताबा मिळवण्याचे प्रकार तर एकाहून एक आहेत. पेशीच्या स्वतःच्या संदेशवाहक आरएनएच्या, म्हणजे डीएनएतल्या सूचनेची जी प्रत रायबोसोमकडे जाते तिच्या, टोकाला एक टोपी असते. ती असेल तरच रायबोसोम त्या संदेशाला हात लावतो. मेहुण्याचा मुकादम शिक्का पाहतो तो हाच. फ्लूचा विषाणू पेशीच्या संदेशांची टोपी, तिला लागून असलेल्या दहा-तेरा अक्षरांसकट, कापून घेतो आणि आपल्या संदेशाला जोडतो. म्हणजे शिक्का अस्सलच, फक्त दुसऱ्याच्या कागदावरून कातरलेला. व्हॅक्सिनिया आपली टोपी आपणच बनवतो, आणि वर अशी विकरे सोडतो जी पेशीच्या संदेशांच्या टोप्या उडवत सुटतात. त्यात त्याचेही काही संदेश बळी पडतात, पण तो इतक्या वेगाने छापत असतो की त्याला परवडते.

मेहुण्याच्या विहिरीजवळ टोमॅटोच्या चार ओळी होत्या आणि त्यांची पाने वळून द्रोणासारखी झालेली होती. हाही विषाणूचाच रोग; पांढरी माशी तो विषाणू झाडाच्या रसवाहिनीत सोडते. वनस्पतीच्या पेशीला जाड भिंत असल्यामुळे तिथे ग्राहीचा प्रश्नच नाही. माशीची सोंड हेच दार. या विषाणूचा मजकूर सुमारे २,७०० अक्षरांचा, आणि डीएनएच्या प्रती काढणारे विकरसुद्धा त्याच्याजवळ नाही. ते झाडाच्या पेशीचेच वापरायचे, तर अडचण अशी की वाढ पूर्ण झालेल्या पेशीने विभाजनाबरोबर ते खातेही बंद केलेले असते. तेव्हा विषाणूचे एक प्रथिन पेशीला विभाजनापासून रोखून धरणाऱ्या प्रथिनाला बाजूला ओढते आणि निवांत झालेली पेशी प्रती काढायचे काम पुन्हा सुरू करते. निवृत्त माणसाला उठवून कामाला जुंपण्याचाच हा प्रकार, आणि तो मला थोडा जिव्हारी लागला.

पेशी हे सारे मुकाट्याने सोसते असे नाही. पेशीत दुहेरी धाग्याचा लांब आरएनए सहसा नसतो. विषाणूच्या छपाईत तो तयार होतो. पीकेआर नावाचे प्रथिन त्याचा वास लागताच रायबोसोमचे काम सुरू होण्यासाठी लागणारा एक घटक निकामी करते आणि सगळी प्रथिननिर्मिती थांबवते. कारखानाच बंद, मग चिठ्ठी कोणाचीही असो. शिवाय पेशी इंटरफेरॉन सोडते, ज्याचा शोध १९५७ मध्ये लागला. ते शेजारच्या पेशींना सावध करते. ताप, अंगदुखी, गळून जाणे यांत विषाणूपेक्षा या हाकाटीचाच वाटा अधिक असतो.

देवीच्या कुळाची जी दीडशे-दोनशे जनुके आहेत, त्यांपैकी मोठा हिस्सा या हाकाटीचा बंदोबस्त करण्यासाठी आहे. व्हॅक्सिनिया इंटरफेरॉन पकडणारी खोटी ग्राही प्रथिने बाहेर सोडतो. हाक शेजारणीपर्यंत पोहोचण्याआधीच झेलली जाते. एक प्रथिन दुहेरी आरएनए झाकून ठेवते. दुसरे, के-३ नावाचे, पीकेआर ज्या घटकावर घाव घालते त्याच्यासारखेच दिसते आणि घाव स्वतःवर घेते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झाकणारे प्रथिन काढून घेतलेला व्हॅक्सिनिया माणसाच्या पेशींत पिढ्यान्पिढ्या वाढवला, तेव्हा त्याच्या डीएनएत के-३ च्या जनुकाच्या एकामागून एक प्रती साचत गेल्या, भात्यासारखा मजकूर फुगला; आणि प्रती वाढल्यामुळे, त्यांच्यापैकी एखादीत उपयोगी बदल होण्याची शक्यताही वाढली. तसा बदल झालाही, आणि तो स्थिरावल्यावर काही विषाणूंत भाता पुन्हा मिटला.

मेहुण्याच्या प्रश्नाचे उत्तर या सगळ्यात विखुरलेले आहे. विषाणू जे काही वापरतो त्यातले बहुतेक गाईचेच आहे. त्यावर घाव घातला तर गाय मरते. औषध बनवायचे तर विषाणूने पदरचे म्हणून जे थोडके आणलेले असते, तेवढ्यावरच नेम धरावा लागतो. नागिणीवर दिले जाणारे असायक्लोव्हिर हे याचे मला आवडणारे उदाहरण : ते निरोगी पेशीत जवळजवळ निष्क्रिय पडून राहते आणि विषाणूचेच एक विकर त्याला कार्यरत करते, म्हणजे जिथे चोर तिथेच सापळा मिटतो. ते घडवण्यात मोठा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. फ्लूवरचे ओसेल्टामिव्हिर नवे विषाणू पेशीपासून सुटू देत नाही. प्रत्येक विषाणूचे पदरचे सामान निराळे असल्यामुळे एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही, आणि गाठी दिसू लागेपर्यंत छपाईचे बरेचसे काम उरकलेलेही असते.

लशीचे तसे नाही. ती विषाणूला पेशीबाहेरच गाठण्याची तयारी करून ठेवते. त्या वर्षी महाराष्ट्रात गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली, कारण दोन्ही विषाणूंची बाहेरची प्रथिने इतकी सारखी आहेत की एकाविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड (अँटिबॉडी) दुसऱ्यालाही ओळखतात. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या संस्थेबरोबर खास लम्पीसाठी केलेली लसही त्याच वर्षी जाहीर झाली. मेहुण्याच्या गावात लसीकरणाचे पथक पोहोचले तेव्हा हरणीला आठ दिवसांपूर्वीच गाठी आलेल्या होत्या. बाकीची तीन जनावरे टोचून घेतली.

गाभण गाईकडे पाहून मला मेहुण्याला एक गोष्ट सांगावीशी वाटली आणि ती वेळ नव्हती म्हणून सांगितली नाही. माणसाच्या डीएनएचा सुमारे आठ टक्के भाग हा जुन्या काळी आत शिरून कायमचा राहिलेल्या रेट्रोव्हायरसांचा अवशेष आहे. त्यांपैकी एका जनुकाचे मूळ काम विषाणूचे आवरण पेशीच्या पटलाशी एकजीव करण्याचे. आज तेच आपल्या वारेत पेशींना एकमेकींशी जोडते. गाई-मेंढ्यांच्या वारेतही अशीच, पण वेगळ्या विषाणूंकडून स्वतंत्रपणे आलेली जनुके सापडली आहेत. हरणीच्या पोटातले वासरू काही अंशी एका जुन्या खोट्या चिठ्ठीवर पोसले जात होते.

तिसऱ्या आठवड्यात ताप उतरला, गाठी वाळल्या आणि खपल्या धरून गळू लागल्या. मेहुण्याला वाटले, सुटलो. वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनाभराहून अधिक काळ टिकू शकतो. त्या काळात तो काहीही करत नाही, कारण करण्यासाठी लागणारी पेशीच तिथे नसते. मी फोनवर त्याला सांगितले की दावणीखालचा केर उकिरड्यावर टाकू नकोस. त्याने पुढचे तीन आठवडे रोज सकाळी खपल्या वेचून, घमेल्यात गोवऱ्यांच्या विस्तवावर जाळल्या आणि राख बांधाच्या पलीकडे पुरली. हरणी फेब्रुवारीत व्यायली. कालवड आहे, अंगावर एकही वण नाही. आईच्या मानेवरचे वण मात्र अजून हाताला लागतात.